जमीन नाही, तरी मधपेट्या ठेवता येतील?

प्रश्न : आमच्या बचतगटात सगळ्या विधवा, मजुरी करणाऱ्या. जमीन कुणाच्याच नावावर नाही. मधमाशीपालन जमेल का?

उत्तर : जमेल, ताई. सातेरी माशी किलोमीटरभर फिरून मकरंद गोळा करते, त्यामुळे मालकाच्या संमतीने बांधावरही पेट्या ठेवता येतात. खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या महाबळेश्वरच्या मध संचालनालयात प्रशिक्षण मिळतं. मधकेंद्र योजनेत ५० टक्के अनुदान आहे. उरलेल्या रकमेसाठी सावकाराकडे मात्र कृपा करून जाऊ नका. मजुरीही लगेच सोडू नका. पावसाळ्यात फुलोरा नसतो, माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. तो खर्च आधीच बाजूला काढा. मधाचे पैसे प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ द्या, दीर-भाच्यांच्या नाही.