पोळ्यानंतरचं पाणी

पोळा सरला की धान पोटरीत येऊ लागतं. आदिलाबाद जिल्हा मुळात कापूस-सोयाबीनचा. धान दिसतं ते सातनाला, मत्तडीवागूच्या पाण्यावर, नाही तर नाल्याकाठच्या बांध्यांत. हे धान आपल्याच घरात शिजतं. म्हणून पुढचे सहा आठवडे बांधीत पाणी ठेवायचं की सोडायचं, हे ठरवताना उताऱ्याइतकाच दाण्यात चढणाऱ्या कॅडमियम, आर्सेनिकसारख्या विषांचाही विचार करा.

आधी दिलासा. आपली काळी, चुनखडीची जमीन कॅडमियमला धरून ठेवते, ते सहज मुळांकडे जाऊ देत नाही. त्यामुळे सरसकट घाबरण्याचं कारण नाही. लक्ष द्यायचं ते ठरावीक शेतांकडे: ज्यांत कारखान्याचं किंवा गावाच्या गटाराचं पाणी शिरतं, खाणीचं उपसलेलं पाणी येतं, राख पडते किंवा शहरी कचऱ्याचं खत वर्षानुवर्षं पडलं आहे. हैदराबादजवळ पाटनचेरूत कारखान्यांच्या सांडपाण्याने नक्कावागूकाठची शेतं नासली आणि 1990 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दोष नेहमी कारखान्याचाच असतो असंही नाही. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, कौडीकसा गावी, खडकातूनच भूजलात आर्सेनिक उतरलेलं आहे.

मृदा आरोग्य पत्रिका हाती आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तिच्यात बारा गोष्टी तपासतात. आर्सेनिक, कॅडमियम, शिसं त्यांत नाही. जड धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते. ती कुठे होईल, हे आदिलाबादच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. पाण्याचा नमुनाही सोबत द्या. मातीसाठी आठ-दहा ठिकाणी 15 सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, गंजलेली किंवा जस्ताचा मुलामा असलेली अवजारं वापरू नका, माती प्लास्टिकच्या बादलीतच मिसळा.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण दोन विषांचं पाण्याशी नातं अगदी उलटं आहे. बांधी सतत तुडुंब राहिली की चिखलात हवा उरत नाही, लोहाची पुटं विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक मोकळं होतं. धान मग ते सिलिकाच्याच वाटेने आत ओढतं. कॅडमियम मात्र पाण्याखाली गंधकाशी बांधलं जातं. बांधी सुकून भेगाळली की सुटतं आणि दाण्यात चढतं. शेजाऱ्याने पाणी सोडलं म्हणून तुम्ही सोडलं, तर त्याचा उपाय तुमचा घात ठरू शकतो.

अहवालात कॅडमियम जास्त असेल तर निसवण्याआधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे पाणी हटू देऊ नका. हा जपानचा सल्ला आहे, आणि तो फार मोठी किंमत मोजून आलेला आहे. तिथे जिन्झू नदीत खाणीचं कॅडमियम उतरलं, त्या पाण्यावरचा भात खाऊन माणसांची हाडं ठिसूळ झाली. 1968 मध्ये सरकारने तो रोग प्रदूषणाचा म्हणून मान्य केला. कापणीसाठी पाणी लवकर तोडायची आपली सवय अशा बांधीत सोडलीच पाहिजे.

आर्सेनिक असेल तर भोकं पाडलेला पाइप बांधीत रोवा. आतलं पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटर गेलं की पुन्हा भरा. फुलोऱ्यात मात्र पातळ पाणी उभं ठेवा. दोन्ही निघाले तर स्वतःच्या अंदाजाने काही करू नका, अहवाल घेऊन तज्ज्ञाकडे जा.

पत्रिकेत जस्त कमी असेल तर ती तूट भरून काढा, जस्त कॅडमियमची वाट अडवतं. चुना फक्त आम्लधर्मी लाल जमिनीला. काळ्या रानात तो वाया जाईल. शिसं बहुतेक मुळांतच अडकतं, दाण्यात कमी जातं.

कापणीनंतर दाणाही तपासा. सडीक (पॉलिश केलेल्या) तांदळासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे कॅडमियम 0.4 आणि अकार्बनी आर्सेनिक 0.2 मिलिग्रॅम आहे. आर्सेनिक दाण्यापेक्षा तणसात आणि कोंड्यात जास्त साठतं, म्हणून अशा बांधीचं तणस बैलांपुढे टाकू नका. घरी भात भरपूर स्वच्छ पाण्यात शिजवून पेज काढून टाकली तर आर्सेनिक बरंच उतरतं. कॅडमियमसाठी या उपायावर विसंबू नका.