वस्तऱ्याची धार कशी जाते?

वरूड तालुक्यांत, विशेषेंकरून शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत, जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधण्याचें काम कसें चालतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. पातें बोथट असलें तर साल चिरली न जातां चेंगरते, आणि चेंगरलेल्या सालींत बसविलेला डोळा बहुधा सुकतो. तेव्हां धार कशी जाते हा प्रश्न आपणांस क्षुल्लक नाहीं.

दाढीच्या ब्लेडाविषयीं तर तो अधिकच चमत्कारिक आहे. पोलाद केंसाहून सुमारें ५० पट कठीण. मग मऊ केंसानें तें हरावें कसें? रोज घासून धार हळूहळू गोल होत असावी, असें आपण सहज म्हणतों. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील जानलुका रोशोली व त्यांचे सहकारी यांनीं ही गोष्ट प्रत्यक्ष पाहण्याचें ठरविलें, आणि २०२० सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत आपला शोध प्रसिद्ध केला.

येथें साधें सूक्ष्मदर्शक यंत्र पुरत नाहीं. तें प्रकाशावर चालतें, आणि प्रकाशाची लहरच मिलिमीटरच्या सुमारें दोनहजाराव्या भागाएवढी लांब. नव्या धारेचें टोंक तर तिच्याहून दहापटीनें बारीक. म्हणून निर्वात पेटींत इलेक्ट्रॉनांचा झोत धारेवरून फिरवून तिचें चित्र घेतात.

रोशोली यांनीं स्वतःची दाढी करावी आणि दर वेळीं ब्लेड यंत्राखालीं धरावें, असा क्रम ठेविला. धार फारशी गोल झालेली दिसेना. ठिकठिकाणीं तिचे बारीक टवके मात्र उडालेले दिसले! मग त्यांनीं यंत्राच्या आंतच एकेक केंस कापून पाहिला. पातें केंसाला काटकोनांत लागलें तर टवका उडत नसे. तें तिरपें लागून केंस वाकला म्हणजे, केंसाची कड जेथें धारेला भिडे तेथें, तो उडे. याचें कारण पोलाद आंतून एकजीव नसतें. त्यांत कठीण कण व त्यांहून नरम कण शेजारीं शेजारीं असतात; दोहोंच्या सीमेवर ताण सांचतो व तेथून चीर धांवते.

पट्ट्यावर वस्तरा फिरविल्यानें वळलेली धार सरळ होते, पण उडालेला टवका भरून येत नाहीं. त्यास दगडावरच घासावें लागतें. संत्र्याची साल म्हणजे केंस नव्हे हें खरें. तरी डोळा बांधण्यापूर्वीं पातें उन्हांत धरून पाहावें. चांगली धार चमकत नाहीं. जेथें पांढरा ठिपका लकाकतो, तेथें ती गेलेली आहे.