कूलरची निगा व त्याचें आयुष्य

मिहान प्रकल्पास लागूनच सोनेगांवचा विमानतळ आहे. तेथील वेधशाळेंत दिनांक २३ मे २०१३ रोजीं ४७.९ अंश सेल्सिअस तपमानाची नोंद झाली. अशा उन्हांत राबून घरीं आलेल्या माणसास कूलर ही कांहीं चैन नव्हे. तथापि पुष्कळांचा कूलर तीनचार उन्हाळ्यांतच गंजून जातो, व क्वचित् घरच्या माणसाच्या जिवावरहि बेततें. या दोहोंचें मूळ टाकींतील पाण्याकडे झालेल्या दुर्लक्षांत आहे.

माठांतील पाणी ज्या नियमानें थंड होतें, त्याच नियमानें कूलर चालतो. ओल्या ताट्यांवरील पाण्याची वाफ होतांना तें हवेंतील उष्णता शोषून घेतें. परंतु वाफ होते ती केवळ पाण्याची. क्षार मागेंच राहतात. काळ्या खडकांतील विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. जुन्या पाण्यांतच रोज नवें ओतीत गेल्यास क्षार वाढतात, ताट्यांवर पांढरी खपली धरते, हवेची वाट कोंडते व पत्रा गंजतो.

यास्तव आठवड्यांतून एकदां टाकी पूर्ण रिकामी करून तळ व बाजू घासाव्या. डेंग्यूचा डांस अशाच पाण्याच्या कडेस अंडीं घालतो. तीं कोरड्या पत्र्यावरहि महिनेच्या महिने जगतात. म्हणून नुसतें पाणी बदलून भागत नाहीं. टाकी कोरडी पडल्यावर पंप चालूं ठेवूं नये, तो जळतो. लाकडी किसाच्या वा वाळ्याच्या ताट्या दर उन्हाळ्याच्या आरंभीं नव्या बसवाव्या. खोलीची समोरची खिडकी उघडी असावी, अन्यथा दमट हवा आंतच कोंडून राहते.

गंजलेल्या पेटीस उघडी तार टेंकली कीं सबंध पेटींत वीज उतरते. म्हणून दर वर्षीं तारा व अर्थिंग जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावें. पाणी भरण्यापूर्वीं केवळ बटण बंद न करतां प्लग काढावा. अनवाणी वा ओल्या हातानें पेटीस शिवूं नये, आणि हें काम मुलांस मुळींच सांगूं नये.

मृगाच्या सरी आल्या कीं हवा दमट होऊन कूलरचा उपयोग सरतो. तेव्हां तो पाण्यासह कोपऱ्यांत लोटूं नये. ताट्या काढाव्या, टाकी वाळवावी, गंज खरवडून आंतून रंगाचा हात द्यावा. पेरणीच्या घाईंत हें काम हटकून राहून जातें. सबब तें पाभर बाहेर काढण्यापूर्वींच उरकावें.