लपविण्यासारखे काही नाही, मग सांगायला काय हरकत?



हा प्रश्न आपल्या घराघरांतून ऐकू येतो. घरमालक विचारतो, गाडीत शेजारी बसलेला विचारतो, "आडनाव काय? गाव कोणते? पूर्वीचे कोण?" आपण चोरी केलेली नाही, लबाडी केलेली नाही, शिवाय चौथे शील घेतलेले आहे. तेव्हा उत्तर देणे भागच आहे, असे आपली साधीभोळी माणसे समजतात. परंतु खोटे बोलणे वेगळे आणि "हे आपण कशासाठी विचारता?" असे शांतपणे म्हणणे वेगळे. गप्प राहिल्याने शील मोडत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांचे १९१७ चे उदाहरण घ्या. कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्यांच्यापाशी लपविण्यासारखे काय होते? तरी राहायला जागा मिळेना. पारशांच्या सराईत पारशी नाव नोंदवून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. एक हिंदू व एक ख्रिस्ती स्नेही, दोघांकडेही आसरा मिळाला नाही. कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

मग ते खोटे नाव शीलात कसे बसते, असे एका ताईंनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. ताई, ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवली, म्हणून आपल्याला कळली. मी दोष देतो तो त्या नावाशिवाय छप्पर न देणाऱ्या शहराला. माहिती निर्दोष होती. ती ज्यांच्या कानी गेली, त्यांच्या हातात काठी होती.

पुढे १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी माणसाचे शरीर, घर व कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले. संविधानात ते कलम आले नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरविले.

आता थोडे आपल्याच घरात पाहू. न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील. मुलीची चिठ्ठी किंवा सुनेचा फोन तिला न विचारता उघडणे त्यातच मोडते, असे मला वाटते. "आमच्या घरात लपवाछपवी नाही" असे अभिमानाने सांगणारा बाप स्वतःच्या खिशाला मात्र कोणाला हात लावू देत नाही!

मीही चुकलो आहे. शिक्षक झालो त्या पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीची यादी मी भर वर्गात जातीसह मोठ्याने वाचली. आपलाच एक मुलगा पुढे दोन दिवस शाळेत आला नाही. सवलत हक्काची आहे, दाखला दिलाच पाहिजे. पण तो कचेरीला हवा होता, चाळीस मुलांना नव्हे. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेलो आणि अर्ज तिथेच भरून घेतला.