तिसरा मनोरा कशासाठी?

मुलांनो, कला पाहायला तिकीट लागतेच असे नाही. मुंबईत १९९९ पासून काळा घोडा कला महोत्सव भरतो, तेव्हा शिल्पे चक्क रस्त्यावर मांडतात. आपल्या कुवेतमध्येही गल्फ रोडवरून चालताना कला दिसते.

कुवेत टॉवर्स १९७९ साली खुले झाले. सर्वांत उंच मनोरा १८७ मीटरचा. दोन मनोऱ्यांच्या गोलांत पाणी साठवण्याची सोय आहे. गोलांवर निळ्या, हिरव्या, करड्या छटांच्या सुमारे ४१ हजार पोलादी चकत्या आहेत. तिसरा मनोरा बारीक, ना गोल ना पाणी. मग त्याचे काम काय? रात्री इतर दोघांवर प्रकाश टाकण्याची यंत्रणा त्याच्यात बसवली.

सुट्टीत गावी गेल्यावर आजी विचारेल, "तुमच्याकडे पाहण्यासारखं काय रे?" तेव्हा आपल्याला हे मराठीत सांगता आले पाहिजे.

शब्दार्थ : मनोरा – उंच बुरूज, छटा – रंगाचा फिका-गडद प्रकार, चकती – गोल, चपटा तुकडा.

स्वाध्याय : आईबाबांबरोबर संध्याकाळी तिथे फिरायला जा. दिवे लागण्यापूर्वी व नंतर चकत्यांचे रंग कसे दिसतात, ते पाच ओळींत लिहा. पुढच्या वर्गात आम्ही सर्वांच्या ओळी वाचून दाखवू.