परदेशी नोकरी : पैसे देण्यापूर्वी

मागे आमच्या शाखेत एक बाई मुदत ठेव मोडायला आल्या. मुदत संपायला चारच महिने उरले होते. मुलगा दुबईला कामाला निघाला होता आणि एजंटाला ८० हजार रोख द्यायचे होते. व्हिसाची झेरॉक्स पाहिली तर तो पर्यटकाचा! "मावशी, हा फिरायला जायचा कागद आहे," असे म्हटले. "तिथं गेल्यावर बदलून भेटते म्हणते साहेब," त्या म्हणाल्या.

आपल्या कामठीतील अनेक घरांत आज हीच बोलणी चालू असतात, म्हणून हा लेख.

परदेशी कामासाठी माणसे भरती करणाऱ्यांवर १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाचे बंधन आहे. परराष्ट्र मंत्रालयाकडील नोंदणीशिवाय एजंटाला भरती करता येत नाही. नोंदणीकृत एजंटांची यादी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तेव्हा पहिला प्रश्न पगाराचा नको, नोंदणी क्रमांकाचा विचारावा. त्या मुलाने विचारला, तेव्हा "क्रमांक मुंबईच्या ऑफिसात आहे" असे उत्तर मिळाले. आम्ही दोघांनी यादी पाहिली. नाव नव्हते. ठेव तशीच राहिली.

साधारणपणे दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद असते. अशांना आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते. आपल्याकडे ही कटकट समजली जाते, आणि एजंट नेमका तिचाच फायदा घेऊन पर्यटक व्हिसाची पळवाट दाखवतो. परंतु याच तपासणीत मालक, करारपत्र आणि पगार पाहिला जातो. प्रवासी भारतीय विमा योजनाही तिला जोडलेली आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास तीत १० लाखांचे संरक्षण मिळते, आणि दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये. पर्यटक म्हणून गेलेल्याचा पगार अडला तर गाऱ्हाणे मांडायला हाती करारच नसतो.

एजंटाचे सेवाशुल्क ३० हजार रुपये व त्यावरील कर, यापेक्षा अधिक घेता येत नाही. पैसे खात्यातूनच द्यावेत व पावती घ्यावी. (रोख रकमेचा पुरावा आम्ही बँकवालेही देऊ शकत नाही.)

फसवणूक झालीच तर पोलिसांत तक्रार द्यावी. परदेशात अडकलेल्यांसाठी 'मदद' संकेतस्थळ आणि १८००-११-३०९० हा दूरध्वनी आहे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने स्त्रिया, अनुसूचित जाती व जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज नागपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा.