वाचलेलें पुस्तक दुसऱ्यास सांगावें



शाळेच्या ग्रंथालयांतून पुस्तक घरीं न्यावें, तें वाचावें आणि ठरल्या दिवशीं परत करावें, म्हणजे वाचकाचें काम संपलें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच बरोबर आहे. जें आवडलें तें दुसऱ्यास सांगणें, हा वाचनाचा उरलेला अर्धा भाग होय. विद्या दिल्यानें वाढते हें आपण सर्वजण तोंडानें म्हणतों. पुस्तकांच्या बाबतींत तें प्रत्यक्ष कसें आचरावें, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा विचार आवश्यक कां, तें आधीं सांगतों. कित्येक मुलांच्या घरीं क्रमिक पुस्तकांवांचून दुसरें एकही पुस्तक नसतें. अशा मुलास काय मागावें हेंच ठाऊक नसतें. ग्रंथालयाच्या कपाटासमोर घटकाभर उभें राहून तें रिकाम्या हातीं परततें. छापील यादी त्याच्या उपयोगी पडत नाहीं. उपयोगी पडतो तो शेजारच्या बांकावरचा सोबती, जो म्हणतो, "हें ने, मला फार आवडलें." ते चार शब्द कोणी न बोलल्यामुळें किती मुलें वाचनाच्या उंबरठ्यावरूनच मागें फिरत असतील, ह्याची मोजदाद कोण करणार?

हातीं पडलेल्या पुस्तकाचें सामर्थ्य

मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेंत एक शाळकरी मुलगा एकटाच वाचीत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्यांच्या दृष्टीस पडे. केळुसकर हे शिक्षक व ग्रंथकार. शिवाजीमहाराजांचें व तुकारामांचें चरित्र त्यांनीं लिहिलें आहे. त्यांनीं त्या मुलाची विचारपूस केली, त्यास वाचावयास पुस्तकें दिलीं, आणि परीक्षेंतील यशाबद्दल त्याचा गौरव करण्यासाठीं सभा भरली तेव्हां आपण स्वतः लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्यास भेट दिलें. तो मुलगा म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. त्यांनीं १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें बौद्ध धम्म स्वीकारला. आपण बुद्धाकडे कसे वळलों हें सांगतांना त्यांनीं ह्या भेटीच्या पुस्तकाचा आवर्जून निर्देश केला आहे. १९५० सालीं त्यांच्या संस्थेनें आपल्या शहरांत महाविद्यालय काढलें. आज आपण ज्यास मिलिंद महाविद्यालय म्हणतों व ज्या परिसरास नागसेनवन म्हणतों, तीं दोन्ही नांवेंही एका ग्रंथांतूनच आलेलीं आहेत. मिलिंद राजानें प्रश्न विचारावे व नागसेन भिक्षूनें उत्तरें द्यावीं, असा तो प्राचीन पालि ग्रंथ आहे. त्या रस्त्यानें जातांना एका शिक्षकानें एका मुलास दिलेलें पुस्तक तुम्हांस आठवावें.

दुसरें उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचें. १८९३ सालीं ते नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें चालले असतां एका युरोपियन सहप्रवाशाशीं त्यांचें काव्य व धर्म ह्यांविषयीं बोलणें झालें. उतरण्यापूर्वीं त्या गृहस्थानें त्यांस नव्या कराराची प्रत दिली व ती वाचण्याचें वचन घेतलें. टिळकांनीं वचन पाळलें. डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते आले आणि तेथून त्यांचें मन हलेना. १८९५ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा निर्णय घरास सोपा गेला नाहीं. पतिपत्नींस कांहीं वर्षें ताटातूट सोसावी लागली.

हीं दोन उदाहरणें मीं मुद्दाम शेजारीं ठेविलीं आहेत. एका पुस्तकानें वाचकास एका वाटेस नेलें, दुसऱ्यानें दुसऱ्या. परंतु पुस्तक देणारानें वाट ठरवून दिली नव्हती. त्यानें पुस्तक हातीं दिलें व वाचणाराच्या बुद्धीवर आणि विवेकावर विश्वास ठेविला. पुस्तक सुचविणाराची मर्यादा हीच आहे, आणि त्याचा मोठेपणाही हाच.

आतां आपल्या जिल्ह्यांतील पैठणाकडे पाहूं. ज्ञानेश्वरी १२९० सालीं पूर्ण झाली. त्या काळीं छापखाना नव्हता. ग्रंथ वांटणें म्हणजे सुमारें नऊ हजार ओव्या हातानें उतरून काढणें. एका हातांतून दुसऱ्या हातांत जातांना तीनशें वर्षांत पाठ बिघडत गेला. नाथमहाराजांनीं निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्यें, शुद्ध प्रत सिद्ध केली. दुसऱ्यास द्यावयाचें तें निर्मळ करून द्यावें, हा धडा त्यांनीं घालून दिला.

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या क्रिस्तपुराणाची कथा याहून विलक्षण आहे. सुमारें अकरा हजार ओव्यांचें हें मराठी काव्य गोमंतकांत १६१६ सालीं छापलें गेलें व पुढें आणखी दोनदां छापलें गेलें. त्या तिन्ही आवृत्त्यांची आज एकही प्रत उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो भाविक कुटुंबांनीं हातानें लिहून ठेवलेल्या प्रतींमुळें, आणि १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुन्हां छापला गेला. छापलेलें नाहींसें झालें. वाचकांनीं जपलेलें उरलें.

कसें सांगावें

पुस्तक सुचविणें हीही एक कला आहे आणि ती शिकतां येते. पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली गोष्ट, पुस्तक पुरतें वाचल्यावांचून त्याची शिफारस करूं नये. ऐकीव स्तुति हें खोटें नाणें आहे. एकदां उघडकीस आलें कीं तुमचा शब्द पुढें कोणी घेत नाहीं.

दुसरी, पुस्तकाचें व कर्त्याचें नांव अचूक सांगावें. "निळ्या पुठ्ठ्याचें कसलेंसें" असें सांगितल्यास ऐकणारा तें शोधणार कोठें?

तिसरी, सगळें कथानक सांगूं नये. शेवट सांगितला कीं पुस्तकाचा दरवाजा बंद झाला. एकच प्रसंग निवडावा, आणि तोही अर्ध्यावर थांबवावा.

चौथी, ऐकणारा कोण हें पाहावें. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायांत फिलिप्प रथांत बसून यशया वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्यास भेटतो. तो आरंभींच उपदेश करीत नाहीं. वाचतां तें समजतें काय, असें आधीं विचारतो, आणि मग जवळ बसून जें पान उघडें असेल तेथूनच सुरुवात करतो. सोबत्याचें पान कोठें उघडें आहे, हें पाहूनच त्यास पुस्तक सुचवावें.

पांचवी, दोषही सांगावा. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालचें; मराठींतील पहिली कादंबरी म्हणून तिचें नांव घेतात. त्यांत गोष्टीपेक्षां बोध अधिक आहे व भाषा आज जुनी वाटते. तथापि त्या काळच्या विधवांची दुःखें मराठी वाचकासमोर मांडण्याचें धैर्य त्यांत आहे. दोन्ही बाजू सांगितल्या म्हणजे वाचक तयारीनें बसतो व कंटाळून उठत नाहीं.

नमुन्यादाखल एक लहानशी शिफारस लिहून दाखवितों: "'स्मृतिचित्रें' हें लक्ष्मीबाई टिळक ह्यांचें आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालें. लेखिका शाळेंत गेलेली नव्हती. तरी तिची मराठी आपल्या घरांतल्या आजीसारखी बोलते. विक्षिप्त पण प्रेमळ नवरा, दुष्काळ, प्लेग, धर्मांतरामुळें झालेली ताटातूट, हें सर्व ती रडगाणें न करतां सांगते. मधूनमधून इतकें हंसूं येतें कीं पुस्तक खालीं ठेवावें लागतें. माणसें फार येतात, म्हणून आरंभीं थोडा गोंधळ होईल. पण धीर धरावा." पांचसहा वाक्यें पुरेत.

कांहीं पुस्तकें

लहान वर्गांसाठीं ना. धों. ताम्हनकर ह्यांचा 'गोट्या' आणि भा. रा. भागवत ह्यांचा 'फास्टर फेणे' हे दोन उत्तम सोबती आहेत. एक घरांत व शाळेंत रमवितो, दुसरा साहसास नेतो. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली 'श्यामची आई' एकट्यानें न वाचतां घरीं सर्वांसमोर मोठ्यानें वाचावी. रोज रात्रीं एक गोष्ट सांगावी अशीच तिची मांडणी आहे.

मधल्या वर्गांसाठीं चिं. वि. जोशी ह्यांच्या चिमणरावाच्या गोष्टी सुचवितों. हंसण्यास कोणाचा अपमान करावा लागत नाहीं, हें त्या शिकवितात. ज्यांस विज्ञानाची ओढ आहे त्यांनीं जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह घ्यावा.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं अनंत भालेराव ह्यांचें हैदराबाद स्वातंत्र्यसंग्रामावरील पुस्तक अवश्य पाहावें. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामी राज्यांत होता व तो कोणत्या त्यागानें मुक्त झाला, हें आपणांस ठाऊक नसावें हें बरें नव्हे. दया पवार ह्यांचें १९७८ चें 'बलुतं' हें आत्मकथन मोठ्यांनीं आधीं वाचून मग योग्य वयाच्या मुलांस द्यावें. तें कठोर आहे, पण आपल्याच समाजाचें आहे.

पालकांस विनंती

"परीक्षा जवळ आली, हीं अवांतर पुस्तकें ठेव," असें पुष्कळ घरीं ऐकूं येतें. पालकांची काळजी खोटी नाहीं. परंतु जो मुलगा गोष्टीचें पान एका बैठकींत वाचतो त्यास इतिहासाचें पानही जड जात नाहीं. आणि वाचलेलें चार वाक्यांत सांगण्याची संवय ज्यास लागली, त्यास निबंधासाठीं शब्द धुंडाळावे लागत नाहींत. दिवसास अर्धा तास ठरवून द्यावा, आणि त्या वेळीं घरांतील मोबाईल फोनही एका फळीवर ठेवावे. आपला स्वतःचा आधीं.

ज्यांस स्वतः वाचतां येत नाहीं अशा मातापित्यांनीं संकोच मानूं नये. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी ह्यांस अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या घरच्या मुलांनीं लिहून ठेविल्या. १९५१ सालीं त्यांच्या निधनानंतर पुत्र सोपानदेवांनीं त्या आचार्य अत्रे ह्यांस दाखविल्या, आणि १९५२ सालीं त्या पुस्तकरूपानें महाराष्ट्रास मिळाल्या. मुलानें ऐकिलें, लिहिलें व दुसऱ्यास दाखविलें नसतें, तर तें धन शेतांतच विरून गेलें असतें. म्हणून मुलास समोर बसवून वाचावयास सांगा आणि मनापासून ऐका. आपलें ऐकणें हेंच त्याचें बक्षीस होय.

सातारा जिल्ह्यांतील भिलार गांवानें २०१७ सालीं आपल्या घरांचीं दारें पुस्तकांसाठीं उघडलीं आणि तें पुस्तकांचें गांव म्हणून ओळखलें जाऊं लागलें. कोणाच्या ओसरीवर कविता, कोणाच्या खोलींत चरित्रें. येणारानें बसावें व वाचावें. सुटींत तिकडे जाणें झाल्यास मुलांस अवश्य दाखवावें. आणि जाणें न झालें तरी आपल्या गल्लींत पांच घरांनीं पांच पुस्तकें घेऊन तीं फिरवावीं. पहिल्या पानावर घेणाराचें नांव व तारीख लिहावी, कोपरे दुमडूं नयेत, आणि पुस्तक परत करतांना एक वाक्य तरी सांगावें.

शेवटीं विद्यार्थ्यांस एक अभ्यास देतों. हा अंक हातीं पडल्यापासून महिन्याच्या आंत प्रत्येकानें एक पुस्तक पुरतें वाचावें, त्यावर सहा वाक्यें लिहावीं, आणि तीं आपल्या वर्गांतील अशा एका मुलास सांगावीं कीं ज्याच्या हातांत पुस्तक कधीं दिसत नाहीं. त्यानें तें वाचलेंच पाहिजे असा आग्रह धरूं नये. पुस्तक त्याच्या हातीं द्यावें, आणि वाट पाहावी. पेरणाराचें काम पेरण्याचें; उगवणें देवाच्या हातीं आहे.